थांबवलेली फवारणी

आदरणीय अध्यक्ष कृष्णकांतजी, व्यासपीठावरील मान्यवर, आज सेवानिवृत्त होणाऱ्या आमच्या कीटकशास्त्रज्ञ यामिनी मॅडम, आणि बोरगाव, सावंगीकडून आलेल्या शेतकरी बंधुभगिनींनो, या पौर्णिमाचा सर्वांना नमस्कार.

बोलायला उभी आहे खरी, पण जीव वावरात अडकलाय.

पिठ्या ढेकूण ही परदेशातून आलेली कीड. काही वर्षांपूर्वी आमच्या पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, शेंड्यांवर पीठ सांडल्यासारखा थर दिसला. माझे यजमान ताराचंद पाठीवर फवारणीचा पंप घेऊन निघाले, तेवढ्यात मॅडम आल्या. पान उलटून त्यांनी तपकिरी, कडक झालेले ढेकूण दाखवले. "यांच्या पोटात एका बारीक माशीची पिल्लं आहेत. ती ढेकणाला आतून खातात. औषध माराल, तर ही माशी आधी मरेल."

"अन् माशीनं नाई खाल्लं त? गॅरंटी देता काय?" यजमानांनी विचारलं.

"नाही देऊ शकत."

सांगा, अशा माणसावर विश्वास ठेवावा की नाही? मी ठेवला. यजमानांच्या पाठीवरचा पंप मीच उतरवला. "पीक गेलं त माह्यासमोर रडू नोको," म्हणून ते तरातरा घरी निघून गेले.

मग काय ते दिवस! पांढरा थर पऱ्हाटीची एकेक ओळ, एकेक तास करत पुढं सरके. शेजारचे बंडूजी धुऱ्याच्या बांधावरून ओरडत, "काऊन थांबून राह्यले? तुमच्यापायी माह्यं वावर जाईन!" मॅडम रोज येत. एकदा त्यांनी तेच पान तीनदा उलटून पाहिलं. म्हणजे यांनाही भीती वाटते?

एका सकाळी वावरातून यजमानांच्याच हाका आल्या. धावत गेले. तपकिरी ढेकणांना भोकं पडली होती, शेंड्यांवर बारीक काळ्या माश्या फिरत होत्या, नवी पालवी स्वच्छ होती. धुऱ्याकडची तासं मात्र गेली. मॅडमनी त्याबद्दल माफी मागितली, तर हे म्हणाले, "वावर उभं हाये ना! आता जेवूनच जा."

आज मॅडम स्वतःच्याच समारंभाला उशिरा आल्या, म्हणून मघाशी कुजबुज झाली. कारण सांगते. यंदा पुन्हा पांढरं दिसलंय. निरोपाचा दिवस म्हणून मी कळवलं नव्हतं, पण यजमानांनी फोन केलाच. येताना त्या आमच्या वावरात उतरल्या. साडीच्या काठाला अजून कुसळं आहेत, बघा.

मी विचारलं, "माशी आली का?"

"अजून दिसली नाही. उद्या परत येते."

मॅडम, उद्यापासून तुम्ही निवृत्त आहात!

माझं लांबलेलं बोलणं आपण ऐकून घेतलंत, आभारी आहे. मानपानात, शब्दांत काही कमी-जास्त झालं असेल, तर घरचीच समजून सांभाळून घ्या.