मागच्या खड्ड्यातलं खत

नाव ताराचंद महादेवराव गभणे, वय ४९ वर्षे, धंदा शेती, शिक्षण सातवी, राहणार मौजा पिंपळझरी, ता. रामटेक, जि. नागपूर. पत्ता विचारला तेव्हा मी जंगलाकडची झोपडी सांगितली होती. ती आता उभी नसल्याने नुसते गावाचे नाव लिहिले आहे.

पोलीस ठाण्यात समक्ष विचारल्यावरून सांगतो की, गावात आमचे वडिलोपार्जित घर आहे. तिथे माझा थोरला भाऊ मुकुंद व वहिनी पार्बताबाई राहतात. माझी पत्नी मनकर्णा नागपूरला धंतोलीतल्या दवाखान्यात वारली. त्यानंतर मी त्या घरात राहिलो नाही. जंगलाला लागून माझ्या हिश्श्याचे वावर आहे. तिथे मी बांबू, कुडाच्या भिंती व गवताचे छप्पर अशी झोपडी स्वतःच्या हाताने बांधली. जागा माझ्या नावावर आहे, वनखात्याची नाही. वीज घेतली नाही. पाणी विहिरीचे होते.

झोपडीमागे दोन खड्ड्यांचा कोरडा संडास केला. प्रत्येक वेळी वरून राख व पालापाचोळा टाकायचा. एक खड्डा भरला की तो बंद करून दुसरा वापरायचा. बंद खड्ड्यात वर्षभरात काळी माती होते. तिला वास येत नाही. जमादार साहेबांनी दोनदा विचारल्यावरून पुन्हा सांगतो की वास येत नाही.

ते खत मी फक्त संत्र्याच्या झाडांना देत असे. कीड धरू नये म्हणून झाडांभोवती झेंडू लावला होता. तो देवाला चालणार नाही, म्हणून त्याला बांबूचे कुंपण केले. देवासाठी झेंडू दारासमोर वेगळा होता, त्याला गाईचे शेण. गणपतीत वहिनी फुलांना आली तेव्हा मी तिला सांगितले होते, ''वहिनी, तिकडची फुलं देवाले नोका नेऊ.'' ती म्हणाली, ''मले समजते भाऊजी, मी का लहान पोर आहो?''

नवरात्रात अष्टमीला मी पहाटेच रामटेकला गडावर दर्शनाला गेलो. परत आलो तेव्हा कुंपणाची काठी सरकवलेली होती व आतली मोठी फुले तोडलेली होती. दारासमोरची फुले लहान होती. ती तशीच होती.

संध्याकाळी देवीच्या मांडवात मी नव्हतो. आरतीला असलेल्यांनी सांगितले ते असे. देवीचा हार पाहून एका बाईने विचारले, ''एवढा मोठा झेंडू कुठचा वं?'' वहिनी म्हणाली, ''आमच्या भाऊजीच्या वावरातला.'' मागून कोणी बोलले, ''संडासाच्या खताचा तर नाही?'' लोक हसले. मग हसणे थांबले. वहिनी म्हणाली, ''मले का मालूम बाई, त्यायनंच देली.'' हार उतरवला व मांडवात गोमूत्र शिंपडले.

नवमीच्या सकाळी भाऊ ट्रॅक्टर-ट्रॉली व गावातली माणसे घेऊन आला. तो म्हणाला, ''तुह्यापायी तोंड दाखवाले जागा नाही उरली. अर्धं गाव लोटा घेऊन नाल्यावर जाते, कोणी काही म्हणते का? तूच हे साठवून काहून ठेवतं?''

मी म्हटले, ''दादा, फुलं मी देली नाही.''

''मंग का तुही वहिनी खोटं बोलते?''

वहिनी ट्रॉलीजवळ उभी होती. ती जंगलाकडे पाहत होती. ''देव तेवढे काढू दे गा,'' असे मी भावाला म्हटले. ते काढू दिले. नंतर दोर बांधून झोपडी ओढली. मधला खांब निघायला वेळ लागला. मी देव मांडीवर घेऊन झोपडीकडे पाठ करून संत्र्याखाली बसलो होतो. मला कोणी मारहाण केली नाही.

ते गेल्यावर पाहिले तर बांबू, भांडी, अंथरूण जागेवरच होते. मागचा, बंद केलेला खड्डा उघडा व तळापर्यंत रिकामा होता.

दसऱ्याला मी रीतीप्रमाणे घरी सोने द्यायला गेलो. आपट्याची पाने देऊन भावाच्या व वहिनीच्या पाया पडलो. परसात वांग्याच्या ओळींना काळे खत टाकलेले दिसले. त्यात माझ्या चुलीची राख व सीताफळाच्या बिया होत्या. भावाने मला पाहताना पाहिले. तो म्हणाला, ''चहा घेतं का?'' मी घेतला. निघताना वहिनी म्हणाली, ''वांगे धरले का पाठवीन भाऊजी.''

भावाला अटक करावी अशी माझी मागणी नाही. मला माझ्या जागेवर पुन्हा झोपडी बांधू द्यावी व त्या वेळी कोणी आडवे येऊ नये, एवढीच मागणी आहे. फुले कोणी तोडली, हे वहिनीला विचारू नये.

जबाब मला मराठीत वाचून दाखवला. चोरीस गेलेल्या मालापुढे जमादार साहेबांनी हसून ''शेणखत'' लिहिले होते. ते माझ्या सांगण्यावरून खोडून ''संडासातील खत'' असे लिहिले आहे व खोडल्या जागी मी सही केली आहे. बाकी मजकूर मी सांगितला तसाच आहे.