माइकच्या पाठीमागे

(दुपार. रेकॉर्डिंगची खोली. जुनं तंतुवाद्य मांडीवर घेतलेला दादा, त्याची बायको आणि ध्वनिमुद्रण करणारी धाकटी बहीण.)

बहीण : पाचवा टेकही गेला, दादा.

दादा : आता कुठे अडखळलो मी?

बहीण : तू नाही अडखळलास. मागे कुणीतरी कुजबुजतंय. हेडफोनमध्ये स्वच्छ येतंय.

वहिनी : पंखा असेल गं.

बहीण : वहिनी, पंखा ‘आता खाली उतरा’ असं म्हणत नाही.

दादा : पण ही तर माइकच्या पाठीमागे बसली होती.

बहीण : तिथे बसवलं, तेच माझं चुकलं. नव्या माइकांची सवय. हा सत्तर वर्षांचा म्हातारा. याला पुढून जेवढं ऐकू येतं, तेवढंच पाठीमागूनही.

दादा : मग नवा लाव. एवढे लाड कशाला त्याचे?

बहीण : नव्यात तुझी तातीची, आतड्याची तार पत्र्यासारखी वाजते. सकाळी तूच तोंड वाकडं केलंस. विषय बदलू नकोस. कधीपासून चाललंय हे?

वहिनी : दोन वर्षं झाली असतील.

दादा : तू गप्प बस.

वहिनी : दोन वर्षं गप्पच बसले की. हात शाबूत आहेत गं त्यांचे. मधलंच काहीतरी आठवणीतून पुसलं जातं. बोट अधांतरी थांबतं, मग पुढचं मी सांगते.

बहीण : समोर कागद ठेवू या ना.

दादा : कागदावर या रचनेचा तीनशे वर्षांपूर्वीचा नुसता सांगाडा आहे. त्यावरचं मांस गुरूंनी तोंडी दिलं. ते मला एकट्यालाच ठाऊक. म्हणजे, होतं.

वहिनी : आणि मला. चाळीस वर्षं दाराआडून ऐकलंय.

बहीण : मला सांगायचंत तरी.

दादा : काय सांगू? जाशील तिथे म्हणतेस, आमचा दादा एका दमात वाजवतो.

बहीण : तुकडे घेऊन जोडते मी. कुणाला कळणार नाही.

दादा : मला कळेल. तेवढं अजून कळतं.

वहिनी : अहो, दमलात. उद्या येऊ या का?

दादा : उद्या यातलं किती उरेल, कुणी सांगावं?

बहीण : वहिनी, उठा. खुर्ची इकडे घ्या, माइकच्या अगदी कडेला.

वहिनी : अगं, आणखी जवळ?

बहीण : त्याला पुढचं-मागचं ऐकू येतं, कडेचं नाही. तिथून हळूच सांगा. फक्त दादाला ऐकू जाईल.