घरातल्या घरात

शिंप्याच्या दुकानात माझ्यापुढे एक नवरा-बायको उभे होते.

"माझी पँट दोन इंच सैल करा आणि हिचा ड्रेस दोन इंच आत घ्या."

"साहेब, मागच्याच महिन्यात सैल केली होती."

"अहो, कापड आटलंय. आमच्या कॅलरी मोजायच्या ॲपमध्ये बघा, महिनाभर माझा एकही दिवस लाल नाही."

"आणि माझा रोज लाल. दुपारीच दिवसाच्या कॅलरी संपतात. मग रात्री नुसतं पाणी पिऊन झोपते."

"वहिनी, असं खाता तरी काय?"

"मी चष्म्याशिवाय नुसता रंग बघते. टेलरदादा, हा घ्या फोन, तुम्हीच वाचा बरं."

"दुपारी चार वाजता, क्रीमचे केक, तीन."

"चार वाजता? तेव्हा तर मी वर्गात शिकवत असते!"

"अगं, ते माझे. माझ्या कॅलरी संपल्या होत्या, तुझ्या शिल्लक होत्या, म्हणून तुझ्या नावावर लिहिले. म्हटलं, घरातल्या घरात काय हरकत आहे?"

"म्हणजे खाल्लंत तुम्ही आणि उपाशी झोपले मी?"

"पण बारीक झालीस ना!"

"चला, आधी जेवायला. आज मी पोटभर खाणार आणि सगळं तुमच्या नावावर लिहायचं."

"सगळं?"

"गोडासकट."