दोन सीटांची मोटार

हॅलो?

हॅलो… कोन? हाव, हाव, बोलून राह्यलो… अल्लीपूरवाला रामाजी बोलून राह्यलो… कोन, भैयाजी? अरे भाच्या! मोठ्यानं बोल गा. मुंबईचा आवाज निरा विहिरीतून आल्यासारखा येते.

हाव, हिंगणघाटातूनच. जिनिंग प्रेसच्या हाफिसात बसलो हाय. मशीन चालू हाय, म्हणून खडखड आयकू येते तुले… थांब जराक. पुनाजी, थे खिडकी लावा जी! भाच्याचा फोन हाय मुंबईहून, काही आयकू येत नाई… हां. बोल आता.

सकाळीच निघालो. तुही मामी बी आली हाय. दमनी जुपली अन् आलो दोघंबी… नाई, तिले नाई सांगितलं काही. बाजारात धाडली बांगड्या भराले. तेवढ्यात तुह्यासंगं बोलून घेतो म्हणलं… अरे, बैल काय शहाने हाय गा माहे! गाव सुटलं अन् मले डुलकी लागली. डोळे उघडतो त हिंगणघाटचं रेल्वे फाटक. एक धक्का नाई, कुठी खड्ड्यात चाक नाई. कासरा माह्या हातात ढिला, अन् बैल आपले बरोबर रस्त्यानं… हाव, थेच, मोऱ्या अन् कबऱ्या. आता शंकरपटाच्या शर्यतीत नाई पळवत त्याईले, वय झालं. त्याईचंबी अन् माहंबी.

बरं, थे राहू दे. मोटारीचं सांग. आली का जहाजातून? … पुढच्या महिन्यात? मंजे तू पाह्यलीच नाई अजून? … चोपडं पाह्यलं. फोटोवालं… अन् एकच येनार हाय? … दुसरा गिऱ्हाईक बी हाय? … आज सांजेलोक हो का नाई सांगा लागते? अरे बापा. मंग लवकर बोल. पयले जोर सांग.

किती? … पंचावन घोडे! … अबे, अल्लीपुरात सारे मिळून दोन घोडे, त्यातला एक लंगडा. पंचावन घोडे त्या डब्यात बसवले कसे? … नाई, घोड्याचं मले समजत नाई, बैलात सांग… नाई लिहून? कंपनीवाल्याले विचार ना.

बरं, पळते किती? … ऐंशी मैल? तासाले? … रस्ता साफ असला तरच. हाव, समजलो. मंजे जामहून निघालो, पान तोंडात घातलं, थे चघळून होत नाई त बुटीबोरी! भैया, अंगावर काटा आला गा माह्या. खरं सांगतो. तीस वर्सं बैल पळवले म्या, पन पट कसा, डोळा मिटून उघडेलोक संपते. हे त चालूच राहीन. नागपूरलोक चालूच राहीन!

वजन? … पौंडात नोको सांगू, आपल्या खंडीत सांग. म्या कापूस मोजला जिंदगीभर… अडीच खंडी? भैया! भरल्या बंडीएवढी झाली ना थे! पळाची गाडी अन् एवढी भारी? माहा पटाचा छकडा एका खांद्यावर येत होता… आयक ना, आयक… काय? हलकी राह्यली त उडते? … हां. हां… थे बी खरं. मी बी उडालोतो एकडाव, समुद्रपूरच्या पटात. छकडा एकीकडं, मी एकीकडं, मानसाईच्या अंगावर… हाव, तू लहान होता तवा. बरं, असू दे भारी. पन थे मांगं जादाचं चाक लटकवलं हाय म्हणतं ना, थे घरी ठेवू. तेवढीच हलकी होईन.

गिअर सांग… चार. अन् दांडी कुठी? स्टेरिंगपाशी नसन… खालून निघते, हाताशी? वा! थेच पायजे. हाताले समजलं पायजे आत काय चालू हाय थे. म्या प्रेसच्या लारीवर शिकून घेतलं ना, चार महिने झाले… कोनाले नाई सांगितलं. डायवर म्हणते, बुढा दुसऱ्यातून तिसऱ्यात असा टाकते का आवाजबी येत नाई. आमच्या बैलाईले तीन गिअर राहतेत, चालनं, दुडकी अन् पळनं. चौथा म्या दोनदाच पाह्यला. मोऱ्यानं काढलाता एकडाव, अन् त्याच्या बापानं एकडाव. अन् ह्या मोटारीत थो चौथा रोजचाच! पाह्यजे तवा! … हासतं काऊन? खरं हाय थे.

अन् पोट किती उंच हाय तिचं? जमिनीपासून? … एक वीत बी नाई? … हाव, समजलो मी, घरी नाई नेता येत. अल्लीपूरचा रस्ता मले मालूम नाई का? बंड्याईच्या चाकानं मधात असा उंचवटा झाला का त्याच्यावर टेकून बसन थे, कोंबडी अंड्यावर बसते तशी. म्हणून म्या सारं ठरवलं हाय. मोटार इथंच प्रेसात ठेवाची. पुनाजीले विचारलं, शेड खाली हाय. अल्लीपूरहून दमनीत बसून याचं, इथं दमनी सोडाची, मोटारीत बसाचं अन् नागपूरच्या डांबरी रस्त्यानं… हास, हास तू. बैलगाडीनं मोटारीलोक जानारा पयला मानूस मीच, म्हण.

आता एक महत्त्वाचं. समोरचा काच… हाव, डायवरच्या पुढचा. थो खाली पडते का? … फुटून नाई बे! आडवा पडते का, पुढं झोपवता येते का? … येते? पूर्ण? मंजे समोर काहीच राहत नाई? … वा! वा रे वा! … सांगतो ना काऊन थे. पयले बाकीचं सांग… सीट मांगं सरकते? बरं झालं, माहे पाय लंबे हाय.

काय? … हाव, दोनच सीटा. मले मालूम हाय… नाई. नाई गा… चार दरवाजाची नोको मले… थे घनश्यामनं पढवलं तुले. खरं सांग, त्याचं पत्र आलं का? … आलंच असन! माह्या पोरानं सून, लेकरं, तिची माय, साऱ्याईचा हिशेब केला असन. त्याले मोठी मोटार पायजे त घेईन थो आपली. मी ना म्हणत नाई. औंदा कापूस बरा गेला, त्यालेबी भेटन. पन हे माही हाय.

हॅलो? … हाव एक्स्चेंजवाल्या बाई, बोलून राह्यलो, लाइन कापू नोका! वाढवा जी, वाढवा! … भैया, तू सांग तिले वाढवाले… हां. झालं.

आयक. तुले एक सांगतो, घनश्यामले सांगू नोको. पटाहून आलो का सारं गाव विचारे, रामाजी, जितले का हारले? तुही मामी ओसरीत पानी घेऊन उभी राहे. तिनं कधीच नाई विचारलं जितले का हारले. ती विचारे, वारा कसा लागते?

हाव. वारा. दरसाल थेच. एवढा जोरात पळते तवा वारा कसा लागते… अन् मले सांगता नाई आलं गा कधी. काय सांगू? वारा वाऱ्यासारखा लागते! बाया पटाले येत नाई अन् छकड्यावर मानूस बसते एकच. मी तिले म्हणे, तू कुठी बसतं, जुवावर? ती हासे अन् चूल पाहे. पन पुढच्या साली पुन्हा थेच विचारे… आता मी पट सोडला. दोन साल झाले, विचारतच नाई ती. विचारत नाई थे मले जास्त लागते, भैया.

म्हणून दोन सीटा. म्हणून थो काच. समजलं? … ती हो म्हणली त घेऊ. ती नाई म्हणली त मले काय करा लागते त्या पंचावन घोड्याईचं? तू जाय अन् त्या दुसऱ्या गिऱ्हाइकाले देऊन टाक म्हणा.

आली… भैया, आली ती. दारात उभी हाय.

अवं ये, ये. बस त्या खुर्चीवर. पुनाजी जराक भाईर जातीन. लाजू नोको. मुंबईहून भैयाजी हाय… नाई वं, कोनी मेलं-गिलं नाई! फोन आला का कोनी मरतेच का? मोटारीचं बोलून राह्यलो… हाव, मोटार. आपली… नाई, घनश्यामसाठी नाई. तुह्यासाठी अन् माह्यासाठी. दोनच सीटा. वरून उघडी. समोरचा काच खाली पडते. मंजे… मंजे वारा लागते.

भैया, थांब गा… हातातल्या नव्या बांगड्या फिरवून राह्यली ती.

बोल ना वं… कोन चालवीन? मी चालवीन. लारीवर शिकलो ना मी… राहू द्या? काऊन?

भैया, ती म्हणते राहू द्या… मले काय मालूम काऊन! … लाजत नाई ती, तोंड पाहून राह्यलो ना मी… अवं, लोक पाहतीन म्हणून का? पाहू दे ना… नाई? मंग? … बाजूले बसून वारा खाचा त बसच्या खिडकीतबी लागते? बरं. मंग तुले काय पायजे? …

कासरा?

मोटारीले कासरा नसते वं, गोल चाक असते… हाव, थेच, फिरवाचं. थे तुले धराचं हाय? … अवं, पन थे असं कोनालेबी धरता येत नाई. बैल घे ना, बैलाईचा कासरा धराले बी हात लागते. तुले कुठी येते…

काय?

… आज सकाळी? … मी झोपलो तवा? … अवं, पन बैल त आपले आपोआप… सारा रस्ता? … नाल्यापाशी बी? थो उतार तू उतरवला? अन् मले धक्का नाई लागला एकबी…

भैया. भैया, आयक बे. बैल शहाने नाई गा. ही शहानी हाय! मी झोपलो का ही पुढं सरकते, माह्या हातातून कासरा काढून घेते, अन् फाटक आलं का हळूच परत ठेवते हातात. अन् मले पत्ता नाई! … अवं, कधीपासून? … घनश्याम पाळण्यात होता तवापासून? अन् मी गावभर सांगत फिरलो, रामाजीचे बैल झोपल्या मालकाले घरी आनतेत… सांगाचं ना वं! … मले बरं वाटे म्हणून नाई सांगितलं?

हासू नोको भैया… हास. हास बापा. मी बी हासून राह्यलो. डोळ्यातून पानी येऊन राह्यलं माह्या. एवढी वर्सं गाडी हाकनारा खरा धुरकरी बाजूले बसून होता अन् मी बैलाईले ढेप चारत बसलो.

काय म्हणतं वं? … जातानी मी, येतानी तू? … नागपूरलोक मी. अन् परत येतानी तू. काच पाडून… हाव. कबूल. कबूल ना! लारीवालाच शिकवीन तुलेबी, नाई त मी शिकवतो… बरं, मी नाई, लारीवाला शिकवीन.

भैया, हो सांग. आताच्या आता जाऊन हो सांग त्या कंपनीवाल्याले… घनश्यामचं मी पाहीन. तू… हाव बाई, झालंच, झालंच, एक मिनिट ठेवा जी! भैया, लवकर आयक. थे पायाखालचं क्लच जड असते का? … लारीपेक्षा हलकं? बरं, बरं. अन् थे सीट मांगं सरकते म्हणलं ना तू, थे पुढं किती सरकते? … विचारून ठेवजो. भुलजो नोको. तुही मामी बुटकी हाय, पाय पुरला पायजे तिचा… आयकलं का? हॅलो? … हो म्हणलं मी! हो! भैया! … हॅलो? … हॅलो?

कटला.

… आयकलं असन ना वं त्यानं? … तू म्हणतं त आयकलंच असन. पुनाजी, येतो जी! शेड दुसऱ्या कोनाले देजा नोको.

चाल, उन्हं कलली. कासरा तूच घेजो… चोरून काऊन आता? पुढंच बस, सुरूपासून… मी? नाई वं. आज झोपत नाई मी. आज पाहत बसतो.