आईंचा लाल काठाचा वाडगा

हॅलो?… हो वन्सं, याछिनच बोलतेय… आई ना, गॅलरीत उन्हाला बसल्यात. चेहऱ्यावर कसं लाल तेज आहे, ठणठणीत… जेवल्या की. पण कशात जेवल्या ते विचारा. स्टीलच्या वाडग्यात… कारण त्यांचा लाल काठाचा वाडगा गायब आहे. रविवारी तुम्ही येऊन गेलात ना, तेव्हापासून.

नाही हो, मी कुठे काय म्हटलं? मी फक्त वार सांगितला… आईंना विचारलं तर नुसतं ‘जाऊ दे’ म्हणतात.

अहो, ऐका तरी… आपल्याकडची रीत ठाऊक आहे मला. नव्वदी पार केलेलं माणूस गेलं की जेवायला आलेली मंडळी वाडगे पळवतात, त्याचं आयुष्य आपल्याला लागावं म्हणून… हो, हो, लाल-पांढरं कार्य! लग्न लाल, मर्तिक पांढरं, आणि पिकलं पान गळालं तर तेही शुभच. मान्य. पण आई नव्वदी पार करूनही जिवंत आहेत ना! कार्याच्या आधीच वाडगा उचलायचा?

काय? माझे डोळे लाल झालेत?… कळतं, जळते म्हणताय. जळणारच. आईंच्या मर्जीतलं माणूस तुम्ही. संत्र्याची फोड तुम्हाला, सोलायचं मी… मग तुमची पिशवी जिन्यात खण्णकन वाजली ती कशी?… लोणच्याची बरणी. बरं, बरणी.

तोंड लाल करून, मानेच्या शिरा ताणून भांडत नाहीये मी. आवाज तुमचा चढलाय.

…हो, उद्या सकाळीच मला दवाखान्यात दाखल व्हायचंय. गाठ काढतील, मग तपासतील… छे, भीती कसली… वाटते हो वन्सं. खूप वाटते. डोळ्याला डोळा नाही. पण म्हणून वाडगा तुम्ही नेला नाही असं होत नाही.

ओळखपत्र? दवाखान्याच्या बॅगेतच असेल. शनिवारी भरून ठेवलीय. थांबा, बघते… आत्ता नको? का नको?… दवाखान्यातच उघडू? वन्सं, तुम्ही काहीतरी लपवताय. धरा फोन… टॉवेल… चपला… हे काय एवढं जड…

वन्सं.

वाडगा माझ्या बॅगेत आहे. माझ्या स्वेटरात गुंडाळलेला… मी नाही ठेवला… आईंनी? त्यांना भिंत धरल्याशिवाय चालवत नाही!… तुम्ही धरून आणलंत त्यांना?… मग मघापासून माझं ऐकून का घेतलंत?… सांगून दिला तर आयुष्य लागत नाही म्हणता? चोरूनच जायला हवा…

पण त्यांना अजून जगायचंय ना हो? मग मला कशाला…

…नाही, नाही सांगत आईंना. पुन्हा तसाच गुंडाळते. रागावलात का?… बरं. उद्या याल ना तुम्ही? या हं.

आले हो आई!… नाही, अजून नाही सापडला तुमचा वाडगा!… ठेवते, वन्सं.