भूत झालेल्या नवरीला गायलेला धवला

मी करावे गावची, जन्म बी करावेचा आन् लगीन बी करावेतच. आय माजी धवलारीन, तिची आय पन धवलारीन, म्हंजे काय सांगू तुमाला, आमच्यात लगनाचे सगळे विधी धवलारीन धवले, म्हंजे लगनाची गानी, गाऊन लावते, तिच्याबिगर हळद लागत नाय. मी पोर व्हती तवापासून गायली, आख्ख्या गावाच्या लगनांत गायली.

मंग वाशीला नव्या बिल्डिंगी झाल्या. तिथला सुहासभाऊ, हापिसात नकाशे काढनारा मानूस, त्याला भुताचा पिक्चर काढायचं याड लागलं. खिशात दमडी नाय, आमच्या मिठागरावर आला मावशी मावशी करत. आता पिक्चर कसला, अवो, नुस्तं हसं! लायटी नव्हत्या म्हनून भर उन्हात शूटिंग, आन् म्हने ही आवसेची रात. नवरीचं भूत म्हंजे भाऊचीच बायको, तोंडाला पीठ फासलेलं, घाम आला की पिठाचे वघळ, आन् भुताच्या मनगटावर घड्याळ! पन खोटं नाय बोलनार, भाऊनं तिला मिठाच्या त्या पांढऱ्या जागंत एकलीला चालवली, लांबून, घाई नाय काय नाय, तवा मी पन शहारली.

भाऊ म्हनाला, मावशी, बाजा लावायची ऐपत नाय, तुमीच कायतरी गा. शानी असती तर हुं हुं करून सुटली असती. पन गोष्टीतली ती पोर हळद लागायच्या आदीच खाडीत बुडालेली, मला तिची कीव आली बघा, हिच्यासाठी कुनीच गायलं नाय, म्हनून मी खरा धवला गायली, मांडवात गाते तस्सा. चुकली मी. मांडवाभायेर तो गायचा नसतो, मला ठावं व्हतं.

समाजमंदिरात चादर बांधून पिक्चर दाखवला. घड्याळाला पोरं खो खो हसली. माजा आवाज आला आन् सगळी चिडीचूप, एक बाई तर लेकरू उचलून भायेर पळाली. भाऊ खूश, मावशी, तुमीच वाचवलात पिक्चर.

पिक्चर वाचला, मी बुडाली. त्या सालापासून मला कुनी हळदीला बोलवंना. घरोघरी जाऊन भांडली मी, अरे मेल्या, तुजं लगीन कुनी लावलं, मीच ना? तर म्हनतात, तसं नाय गं काकी, पोरी भितात.

मागल्या साली माज्या मंदाचं लगीन ठरलं. म्हटलं, दुनिया नाय तर नाय, लेकीचं तर मीच गाईन. तर मंदाच जवळ येऊन बसली, हात धरला आन् म्हनते, आय, तू नको गाऊस, मला ती मिठावरून चालनारी दिसते. पोरीवर रागवू? का भाऊवर? तो बिचारा अजून रस्त्यात दिसला की पाया पडतो. दुसरी धवलारीन आनली, मी मांडवामागं तांदूळ निवडत बसली.

आता मंदा पयल्या बाळंतपनाला आलीय. सुखात राहो माजी बाय. परवा तिच्या पायांना तेल चोळताना सवयीनं जरा गुनगुनली, तर पोरीनं पाय वढून घेतले. आता तोंड मिटून चोळते.