स्वतंत्र खोली, बंद दार, मागे कोरी भिंत

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या कंपनीचे संस्थापक आदरणीय आप्पासाहेब, व्यासपीठावरील संचालक मंडळी, कार्यक्रमाची सूत्रं नेटकेपणाने सांभाळणाऱ्या हेमाताई, आणि शुक्रवारी संध्याकाळी घरी जायचं सोडून माझ्यासाठी थांबलेल्या सहकारी मित्रमैत्रिणींनो,

माझ्याआधी तीन वक्ते बोलले. ‘यज्ञेश्वर सर असे, यज्ञेश्वर सर तसे.’ त्यातलं निम्मं जरी खरं असतं, तर कंपनीने मला साठ पूर्ण होताच घरी पाठवलं नसतं. तरीही ऐकायला बरं वाटलं. शाल उबदार आहे, श्रीफळ उद्या खोबऱ्याच्या वड्यांना उपयोगी पडेल. आपल्या सर्वांचा मी ऋणी आहे.

मी १९९६ साली रुजू झालो, तेव्हा आपली कंपनी नारायण पेठेत एका फ्लॅटमध्ये होती. आम्ही अकरा जण होतो. आप्पासाहेब, आपल्याला आठवत असेल, सर्व्हर स्वयंपाकघराच्या ओट्यावर होता, कारण धड चालणारा प्लग तिथेच होता. त्यामुळे घरात ऑफिस थाटणं ही गोष्ट आपल्याला २०२० साली नवीन नव्हती. आपला जन्मच तसा झाला आहे.

हेमाताईंनी मघाशी त्याच वर्षाचा गौरवाने उल्लेख केला. नऊ दिवसांत चौदाशे माणसं घरून कामाला लागली, याचं श्रेय त्यांनी मनुष्यबळ विभागप्रमुख म्हणून मला दिलं आणि पडद्यावर एक फोटो दाखवला. पांढरी भिंत, राखाडी टेबल, वायरी टेबलाच्या पायाला नीट बांधलेल्या, खिडकीत मनीप्लँटच्या दोन बाटल्या. ‘माझं घर, माझं ऑफिस’ स्पर्धेचं पहिलं बक्षीस. तुम्ही टाळ्या वाजवल्यात. ती खोली कुणाची, हे हेमाताईंनी सांगितलं नाही. त्यांचा दोष नाही. मी ते कुणालाच सांगितलेलं नाही.

आज सांगतो. निरोपाच्या प्रसंगी असं बोलावं का? कदाचित बोलू नये. पण सोमवारपासून मला हा माईक कोण देणार?

घरून काम सुरू झालं तेव्हा इंग्लंडमधल्या एका विमा कंपनीचं काम आपल्याकडे होतं. त्यांच्या ग्राहकांची माहिती गुप्त राहावी म्हणून त्यांनी प्रत्येकाच्या घराचं ऑडिट मागितलं. त्यासाठीचं परिपत्रक मी लिहिलं. अटी तीन. स्वतंत्र खोली, बंद होणारं दार आणि कॅमेऱ्यात मागे कोरी भिंत. धार्मिक वा वैयक्तिक तसबिरी नकोत. आणि खाली, घरातल्या आवाजाची जबाबदारी कर्मचाऱ्याची. लोकांना उत्साह यावा म्हणून सोबत सजावटीची स्पर्धाही मीच काढली.

हे मी कुठे बसून लिहिलं? शनिवार पेठेतल्या माझ्या चार खोल्यांच्या फ्लॅटमध्ये. माणसं दोन. मुलगा टोरांटोला, त्याच्या रिकाम्या खोलीत मी सागवानी टेबल टाकलं, पुस्तकं उंचीप्रमाणे लावली. माझ्या मागच्या भिंतीवर आजोबांच्या वेळेपासूनची गणपतीची तसबीर होती. ऑडिटमध्ये त्याबद्दल मला कुणी विचारलं नाही.

आपल्या विमा विभागात दीक्षा ओव्हाळ नावाची मुलगी होती. सव्वीस वर्षांची, शांत, कामाला चोख. वारज्यात तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचं घर. आई ललिताबाई, वडील सुखदेवराव. वडिलांचं आयुष्य बसच्या वर्कशॉपमध्ये पत्रे ठोकण्यात आणि रंगवण्यात गेलं. त्या रंगाने त्यांना एक जुना खोकला दिला होता.

आतली खोली वडिलांची. परिपत्रक आलं तेव्हा त्यांनी स्वतःचा लोखंडी पलंग कापला. अँगलचे पाय झाले, पलंगाच्या प्लायवूडचं वरचं फळकूट झालं, वर राखाडी ऑइलपेंटचे दोन हात. सकाळी टेबल उभं राहिलं आणि त्या दिवसापासून सुखदेवराव बाहेरच्या खोलीत जमिनीवर झोपू लागले. भिंतीवर बुद्धांची आणि बाबासाहेबांची अशा दोन तसबिरी होत्या. त्या त्यांनी स्वतः उतरवल्या, धुतलेल्या चादरीत गुंडाळून कपाटात ठेवल्या, खिळ्यांची भोकं चुन्याने बुजवली.

त्या वेळी मला यातलं काही ठाऊक नव्हतं. माझ्यासमोर फक्त फोटो होता. पंधरा ऑगस्टला आपण ऑनलाइन निकाल जाहीर केला. दीक्षा म्हणाली, “सर, हे टेबल माझ्या पप्पांनी केलंय.” मी म्हणालो, “वा! पप्पांनाही धन्यवाद!” आणि दुसऱ्या क्रमांकाकडे वळलो.

पंधरा दिवसांनी क्लायंटची तक्रार आली. मी दीक्षाला फोन केला.

“दीक्षा, तुझ्या कॉलवर मागे कुणीतरी खोकतं. त्यांनी लेखी कळवलंय.”

“सर, पप्पा आहेत. जुना खोकला आहे. टेस्ट केलीय, कोविड नाहीये.”

“ते मी समजू शकतो. पण आवाज येता कामा नये.”

“दार लावूनच बसते सर. आई तर शिफ्टमध्ये कुकरसुद्धा लावत नाही.”

“मग वडिलांची शिफ्टपुरती दुसरीकडे कुठे सोय होते का बघ.”

 “बघते सर,” ती म्हणाली.

मी वहीत लिहिलं, विषय मिटला.

मित्रहो, सप्टेंबर २०२० मध्ये पुण्यात माणसाने ‘दुसरीकडे’ म्हणजे कुठे जायचं होतं? बागा बंद, देवळं बंद, नातेवाईक दार उघडायला तयार नाहीत. हा साधा प्रश्न मला फोन ठेवताना पडला नाही. मी तेव्हा कॉफी प्यायला उठलो होतो, हे मात्र आठवतं.

पुढे फेब्रुवारीत मी वारज्याला गेलो. बक्षिसाची ढाल द्यायची होती आणि आपल्या माहितीपत्रकासाठी त्या खोलीचे चांगले फोटो हवे होते, म्हणून सोबत एक फोटोग्राफर होता. दीक्षाचा कॉल चालू होता. ललिताबाईंनी आम्हाला बाहेरच्या खोलीत बसवलं, पाणी दिलं. मी कोण, हे त्यांना माहीत नव्हतं. हळू आवाजात त्यांनी विचारलं, “तुम्ही कंपनीतले ना?”

“हो.”

“तुमच्यात एक साहेब आहेत. त्यांनी आवाजाचा फोन केला होता. त्यांना सांगाल का, आता आवाज येत नाही म्हणून?”

मी म्हणालो, “सांगतो.” आणि मग विचारलं, “दीक्षाचे वडील कुठे आहेत?”

 “तुम्हाला माहीत नाही?”

त्यांनी सांगितलं ते असं. फोननंतर दोन दिवस सुखदेवरावांनी तोंडावर टॉवेल दाबून बघितलं. खोकला काही ऐकेना. मग ते म्हणाले, “माझ्या घशापायी पोरीची नोकरी जायला नको.” दीक्षाने अडवलं, भांडली, रडली. ते ऐकले नाहीत. रोज बारा वाजता पाण्याची बाटली घेऊन ते खाली पार्किंगमध्ये जायचे आणि वॉचमनशेजारी खुर्ची टाकून बसायचे. दुपारी साडेबारा ते रात्री साडेनऊ, शिफ्ट संपेपर्यंत. ललिताबाई चारला चहा खाली नेऊन द्यायच्या. त्या पार्किंगमधूनच सगळ्या इमारतीची ये-जा. पार्सलवाले, भाजीवाले, दवाखान्यातून परतलेले शेजारी. तेराव्या दिवशी वॉचमनला ताप आला. सोळाव्या दिवशी सुखदेवरावांना.

दीड दिवस बेड मिळाला नाही. मिळाला तो शहराच्या दुसऱ्या टोकाला. एकोणतीस सप्टेंबरला ते गेले. घरच्यांना चेहरा लांबूनच बघायला मिळाला.

दीक्षाने चार दिवसांची रजा घेतली होती. अर्जात कारण लिहिलं होतं, कौटुंबिक. तो अर्ज मंजूर करणारा मीच. पाचव्या दिवशी ती त्याच टेबलावर, त्याच कोऱ्या भिंतीसमोर बसली आणि परदेशातल्या माणसांशी त्यांच्या घरातल्या मृत्यूंच्या विम्याविषयी सौम्य आवाजात बोलू लागली. त्या महिन्यात तिचे गुण पाचपैकी पाच आहेत. मी नंतर मुद्दाम काढून बघितले.

ललिताबाईंचं बोलणं ऐकून मी काय केलं असेल, असं तुम्हाला वाटतं? ‘तो साहेब मीच,’ असं सांगितलं? नाही. दीक्षाचा कॉल संपला, तिने दार उघडलं, मला बघून दारातच थांबली. मी ढाल तिच्या हातात दिली. फोटोग्राफर म्हणाला, भिंत मस्त आहे, लाइट छान येतोय. फोटो काढले. निघताना ललिताबाईंनी विचारलं, “साहेब, आता तसबिरी परत लावल्या तर चालतील का?”

मी म्हणालो, “थोडं थांबा. मार्चमध्ये अजून एक ऑडिट आहे.”

ज्या बाईचा नवरा आमच्या परिपत्रकापायी पार्किंगमध्ये बसला, तिला मी असं म्हणालो, आप्पासाहेब. माझा आवाजही कापला नाही. सवय झाली होती.

मग तो फोटो माहितीपत्रकात छापला गेला. तीन वर्षं क्लायंटना दाखवला गेला. दोन कामं त्यावर मिळाली, असं विक्री विभाग म्हणतो. मला तो थांबवता आला असता. पण थांबवायचा तर कारण सांगावं लागलं असतं. आवाजाच्या जबाबदारीचं ते कलमही दरवर्षी माझ्याच सहीने पुढे चालू राहिलं. आजही आहे. आपल्या नियमपुस्तिकेचं पान अठरा.

गेल्या वर्षी मार्चमध्ये दीक्षाने राजीनामा दिला. दुसरीकडे चांगली नोकरी मिळाली होती. शेवटच्या दिवशीची मुलाखत खरं तर हेमाताई घेतात. त्या दिवशी मी म्हटलं, मी घेतो. दार लावलं. दोन वर्षं मनात घोळवलेलं वाक्य काढलं. म्हणालो, “दीक्षा, मला तुझी माफी मागायची आहे. तुझ्या वडिलांबद्दल.”

ती लगेच म्हणाली, “नका मागू सर.”

“अगं पण—”

“तुम्ही माफी मागितली की मला ‘असू दे सर’ म्हणावं लागेल. समोर मोठं माणूस बसलंय, मी नाही म्हणू शकणार नाही. आणि मला तसं म्हणायचं नाहीये.”

ती चिडली नव्हती. आवाज नेहमीसारखाच, कामावरचा. मी विचारायचं म्हणून विचारलं, “तसबिरी लावल्या का पुढे?”

“त्या दिवशी तुम्ही जिना उतरत होतात ना सर, तेव्हाच आई कपाट उघडत होती. मार्चच्या ऑडिटला मी पडदा लावला. पप्पांचा फोटोही लावलाय, शेजारी.” मग घड्याळात बघून म्हणाली, “सही कुठे करायची?”

तिने सही केली, ओळखपत्र टेबलावर ठेवलं आणि गेली. त्यानंतर आमची भेट नाही. आज मी तिला बोलावलं नाही. बोलावून तिला टाळ्यांमध्ये बसवणं बरं दिसलं नसतं.

आप्पासाहेब, माझी सही आज रात्री बारापर्यंत चालते. पान अठरावरचं कलम काढून टाकण्याचा कागद मी सकाळी केला आणि हेमाताईंकडे दिला आहे. बदली मजकूरही लिहिला आहे: ज्याच्या घरात जागा नाही त्याला जागा देणं हे कंपनीचं काम, आणि घरात माणसं असतात, त्यांचा आवाज येणारच. माझी सही झाली आहे, आपली राहिली आहे. तो फोटोही कृपया सगळीकडून काढावा. आपण आत्ता मान हलवलीत. ती होकारार्थी की भाषण लांबल्याची, ते मला इथून कळत नाही. म्हणून कागद हेमाताई आपल्यापुढे ठेवतील.

मनुष्यबळ विभागातल्या तरुण मंडळींना उपदेश करण्याचा मला अधिकार उरलेला नाही. एवढंच सांगतो, फोन ठेवण्याआधी ‘दुसरीकडे म्हणजे कुठे’ एवढं विचारा. आणि उत्तर येईपर्यंत थांबा.

संयोजकांचे, हॉलच्या कर्मचाऱ्यांचे, चहा-वड्यांची व्यवस्था पाहणाऱ्यांचे आणि इतका वेळ शांतपणे ऐकून घेणाऱ्या आपणा सर्वांचे मनापासून आभार. प्रसंग आनंदाचा होता, मी तो बिघडवला. बोलण्याच्या ओघात कुणाचं मन दुखावलं असेल, काही उणं-अधिक झालं असेल, तर त्याबद्दल क्षमा असावी.

ही क्षमा मी फक्त भाषणापुरती मागतो आहे. नमस्कार.